एक जर्नल, दहा वर्षं: रसायनशास्त्रातले कल मोजायला बसताना

संशोधनात नव्याने आलेल्याच्या कानावर पहिल्या काही महिन्यांत काही वाक्यं पुन्हा पुन्हा पडतात. "सध्या सगळं एमओएफवर (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीदार पदार्थांवर) चाललंय." "आता प्रकाश-उत्प्रेरणाचेच दिवस आहेत." "त्या जर्नलला निव्वळ संश्लेषणाचे पेपर नको असतात." सांगणारा अनुभवी असतो, म्हणून आपण मान डोलावतो. पण ही विधानं तपासून पाहता येतात. एक जर्नल घ्यायचं, त्याची दहा वर्षं समोर मांडायची आणि काय वाढलं, काय ओसरलं, कोण लिहितं, लेख छापायला किती दिवस लागतात हे मोजायचं. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी ग्रंथमितीच्या, म्हणजे प्रकाशनांच्या मोजणीच्या, प्रबंधासाठी हे करतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपला पेपर कुठे पाठवायचा हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. दोघांची वाट बरीचशी एकच आहे आणि खाचखळगेही तेच.

ही रीत रसायनशास्त्राच्या घरातच वाढली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. १९२६ साली आल्फ्रेड लोटका यांनी 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' या रसायनलेखांच्या सारांशकोशाची १९०७ ते १९१६ या दशकाची लेखकसूची घेतली, ए आणि बी या अक्षरांनी सुरू होणारी नावं मोजली आणि कोण किती लिहितं याचा नियम मांडला. पुढच्याच वर्षी पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांना प्रश्न पडला, की छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? लोकांची मतं विचारण्याऐवजी त्यांनी 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'चा १९२६चा खंड उघडला आणि त्यातल्या लेखांनी कोणत्या नियतकालिकांचे संदर्भ किती वेळा दिले ते मोजलं. इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलच्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्याची) कल्पना पुढे आणणारे यूजीन गारफील्ड यांची पहिली पदवीही रसायनशास्त्राचीच, आणि त्यांची पीएचडी रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याच्या पद्धतीवर होती. म्हणजे तुम्ही हातात घेताय ते हत्यार आपल्याच कार्यशाळेत घडलेलं आहे. ते नीट वापरायला हवं.

पायरी १: प्रश्न आधी लिहून काढा

"अमुक जर्नलमधले संशोधनाचे कल" हा प्रश्न होत नाही, ते फक्त शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: "२०१५ ते २०२४ या काळात या जर्नलमध्ये संगणकीय गणितं असलेल्या लेखांचं प्रमाण वाढलं का?" किंवा "करस्पाँडिंग ऑथर (लेखाबद्दलचा पत्रव्यवहार सांभाळणारे लेखक) कोणत्या देशांतले आहेत आणि ते चित्र बदललं का?" किंवा "लेख मिळाल्यापासून स्वीकारेपर्यंतचा काळ कमी झाला का?" असे तीन-चार प्रश्न पुरेत. पंधरा प्रश्न घेऊन बसलात तर पंधरा तक्ते होतील आणि एकाही तक्त्यामागचं कारण शोधायला वेळ उरणार नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट ठरवा, ती बहुतेक जण विसरतात: तुलनेचं जर्नल. समजा, तुमच्या जर्नलमध्ये बॅटऱ्यांवरचे लेख वाढले. ही त्या संपादकांची निवड, की सगळ्या रसायनशास्त्रातच बॅटऱ्यांचं काम वाढलंय? दुसरं एक जर्नल शेजारी ठेवल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. त्याच उपशाखेतलं, साधारण त्याच आकाराचं आणि त्याच प्रकारचे लेख छापणारं जर्नल निवडा. 'केमिकल रिव्ह्यूज' १९२४पासून आढावालेखांसाठीच आहे. त्याची तुलना मूळ संशोधन छापणाऱ्या जर्नलशी करून हाती काही लागणार नाही.

पायरी २: जर्नलची कुंडली मांडा

आकड्यांना हात लावण्याआधी जर्नलचा इतिहास वाचा. रसायनशास्त्रातल्या जर्नलांची नावं बदलतात, ती फुटतात, एकत्र येतात. लंडनच्या केमिकल सोसायटीचं मुख्य जर्नल १९७२मध्ये पर्किन, फॅरडे, डाल्टन अशा भागांत विभागलं गेलं. पुढे पर्किनचे दोन भाग बंद झाले आणि २००३पासून 'ऑरगॅनिक अँड बायोमॉलिक्युलर केमिस्ट्री' आलं. युरोपातल्या अनेक राष्ट्रीय जर्नलांनी १९९८च्या सुमारास आपापली नावं सोडून 'युरोपियन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री' आणि त्याचं असेंद्रिय भावंड उभं केलं. हे माहीत नसेल तर एखाद्या वर्षी लेख एकदम शून्यावर आलेले दिसतील आणि तुम्ही त्यामागे भलतंच कारण शोधत बसाल.

पैशांचं गणित बदललं की लेखांची संख्या आणि लेखकांचे देश, दोन्ही हलू शकतात. 'केमिकल सायन्स' २०१०मध्ये सुरू झालं आणि २०१५पासून सर्वांना खुलं झालं. 'आरएससी ॲडव्हान्सेस' २०११चं, ते २०१७पासून पूर्ण खुलं झालं. तुमच्या आलेखात अशा वर्षी मोड दिसला तर आधी प्रकाशनशुल्काकडे पाहा, मग विज्ञानाकडे. मुख्य संपादक कधी बदलले, वर्षाला अंक किती निघतात, नवा लेखप्रकार कधी सुरू झाला, हेही एका पानावर वर्षवार लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक आलेखाशेजारी हे पान लागणार आहे.

एक खास सापळा 'आंगेवांटे केमी'चा. या जर्नलची जर्मन आवृत्ती आणि आंतरराष्ट्रीय आवृत्ती वेगवेगळी. एकच लेख दोन्हींत येतो, पण डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) निराळे. फक्त डीओआय पाहून दुबार नोंदी काढल्या तर या जोड्या तशाच राहतात आणि लेखसंख्या फुगते. अशा वेळी शीर्षक आणि लेखकांची नावं जुळवूनच गाळणी लावावी लागते.

पायरी ३: माहिती उतरवून घ्या

तुमच्या संस्थेकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स हे लेखनोंदींचे सशुल्क कोश असतील तर काम सोपं होतं. नसेल तरी अडत नाही. क्रॉसरेफ आणि २०२२मध्ये सुरू झालेलं ओपनॲलेक्स, दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींतून एका जर्नलच्या सगळ्या नोंदी काढता येतात. गूगल स्कॉलर वाचनासाठी उत्तम, पण मोजणीसाठी घेऊ नका. त्यात नेमकं काय समाविष्ट आहे याची यादी मिळत नाही आणि सगळ्या नोंदी एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोयही नाही.

शोध जर्नलच्या नावाने घेऊ नका, आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळखक्रमांकाने घ्या. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात, दोन्ही टाका. उतरवलेली फाइल लगेच 'मूळ' या नावाने बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सगळी कामं तिच्या प्रतीवर करा. कोणत्या तारखेला उतरवली तेही लिहा. हे कोश रोज बदलतात. दोन महिन्यांनी तोच शोध घेतलात तर आकडे वेगळे येतील, आणि तुमच्याकडे तारीख नसेल तर परीक्षकाला उत्तर देता येणार नाही.

पायरी ४: पाखडणी

खरं काम इथे आहे. एकूण वेळेतला निम्मा वेळ यासाठी राखून ठेवा. ही पायरी घाईने उरकणाऱ्यांचे पुढचे सगळे तक्ते डळमळीत होतात, मग आलेख कितीही देखणे असोत.

पहिलं, लेखाचा प्रकार. एका अंकात पूर्ण लेख असतात, कम्युनिकेशन्स असतात, आढावे, दृष्टिकोनलेख, संपादकीय, शुद्धिपत्रं, मुखपृष्ठाची ओळख, श्रद्धांजली असं बरंच काही असतं. कोशात यातल्या कशालाही 'लेख' म्हटलेलं सापडतं. तुम्हाला काय मोजायचंय ते ठरवा आणि उरलेलं वेगळ्या रकान्यात ठेवा, पुसू नका. रसायनशास्त्रात कम्युनिकेशन आणि पूर्ण लेख यांतला फरक विशेष महत्त्वाचा आहे. छोटं कम्युनिकेशन नवी बातमी आधी सांगण्यासाठी असतं, पूर्ण लेखात प्रयोगांचा सविस्तर तपशील येतो. या दोघांचं प्रमाण बदललं तर लेखांची सरासरी लांबी, संदर्भांची संख्या आणि छापण्याचा वेग सगळंच बदलतं, आणि त्याला तुम्ही चुकून विषयाचा कल समजून बसता.

दुसरं, वर्ष. डिसेंबरमध्ये ऑनलाइन आलेला लेख जानेवारीच्या अंकात जातो. ऑनलाइन तारीख धरायची की अंकाची, एक काहीतरी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच धरा. छापण्याचा वेग मोजायचा असेल तर ऑनलाइन तारीख बरी.

तिसरं, माणसांची नावं. ली, वांग, झांग, किम, कुमार या आडनावांना एकेक आद्याक्षर जोडलं की एका नावाखाली डझनभर माणसं जमा होतात. माझ्या पहिल्या यादीत सर्वाधिक लेख असलेला 'लेखक' प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या शहरांतली निरनिराळी माणसं होता. एकाच व्यक्तीने प्रथिनांवर, उत्प्रेरकांवर आणि सांडपाण्यावरही इतकं कसं लिहिलं, असा प्रश्न पडला तेव्हा मी ते पत्ते पाहायला गेलो. तोवर तक्ता तयार होऊन मार्गदर्शकांकडे पोचला होता. आता मी पहिल्या पन्नास नावांची तरी हाताने पडताळणी करतो: ओर्सिड (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक), संस्था, सहलेखक. ओर्सिड २०१२पासूनचा आहे, त्यामुळे त्याआधीच्या लेखांसाठी संस्था आणि सहलेखक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चौथं, मागे घेतलेले लेख. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३पासून क्रॉसरेफमार्फत सर्वांना खुली आहे. तुमच्या डीओआयची यादी तिच्याशी जुळवून पाहा. असे लेख मोजणीत ठेवा किंवा काढा, पण काय केलं ते सांगा.

पायरी ५: साधी मोजणी, आणि तिच्यात लपलेली फसगत

वर्षवार लेखसंख्येचा स्तंभालेख काढा. त्यात कुंडलीच्या पानावरच्या घटना खुणा करून दाखवा. इथवर सोपं आहे.

प्रबंधांमध्ये यापुढे 'सापेक्ष वाढीचा दर' काढायची पद्धत आहे. वर्षाअखेरच्या एकत्रित लेखसंख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, त्यातून आदल्या वर्षाचा वजा करायचा, ०.६९३ला या दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष बहुधा चुकतो. समजा, एक जर्नल दरवर्षी नेमके ५०० लेख छापतं. एकत्रित संख्या ५००, १०००, १५००, २००० अशी जाईल. दर येतो ०.६९३, मग ०.४०५, मग ०.२८८. जर्नल तितकंच छापतंय, तरी 'वाढ मंदावली' असं दिसतं. कारण एवढंच, की आपण मोजणी आपल्या सोयीच्या वर्षापासून शून्याने सुरू केली. 'वाढीचा दर सातत्याने घटत आहे' हे वाक्य या सूत्राच्या आधाराने लिहू नका. वर्षावर्षाची साधी संख्या आणि तिचा टक्केवारीतला फरक जास्त खरं बोलतो.

तसंच 'सहकार्याचं प्रमाण'. के. सुब्रमण्यम यांनी १९८३मध्ये सुचवलेलं हे माप सोपं आहे: एकाहून अधिक लेखक असलेले लेख भागिले एकूण लेख. पण प्रायोगिक रसायनशास्त्रात एकट्याने लिहिलेला मूळ संशोधनलेख आज दुर्मीळ आहे, त्यामुळे हे माप १च्या आसपासच घुटमळतं आणि काही सांगत नाही. त्याऐवजी दर लेखामागे लेखकांची मध्यक संख्या (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी), किती संस्था, किती देश, हे पाहा. तिथे हालचाल दिसते.

लोटका यांचा नियम जरूर तपासा. त्यांच्या मांडणीनुसार 'न' लेख लिहिणारे लेखक, एकच लेख लिहिणाऱ्यांच्या 'न'च्या वर्गाने भागलेल्या संख्येइतके असतात, म्हणजे साधारण ६० टक्के लेखक एकदाच दिसतात. तुमच्या जर्नलमध्ये एकदाच आलेल्यांचं प्रमाण याहून बरंच जास्त आलं तरी दचकू नका. लोटका यांनी अनेक नियतकालिकांचा कोश मोजला होता, तुम्ही एकच जर्नल मोजताय. शिवाय प्रयोगशाळेतला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पुढे निघून जातो, पण प्रमुख तिथेच राहतो. म्हणूनच सातत्य पाहायचं असेल तर सगळ्या लेखकांऐवजी फक्त करस्पाँडिंग ऑथर मोजून पाहा. रसायनशास्त्रात सहसा पहिलं नाव हातांनी काम करणाऱ्याचं असतं आणि तारांकित नाव, म्हणजे करस्पाँडिंग ऑथर, गटप्रमुखाचं. नावांचा क्रम इथे वर्णानुक्रमाने लावत नाहीत, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे.

देशांची मोजणी करताना एक निर्णय टाळता येत नाही. तीन देशांचा एक लेख असेल तर प्रत्येकाला एक गुण द्यायचा, की प्रत्येकाला एक तृतीयांश? पहिल्या रीतीने सगळ्या देशांची बेरीज एकूण लेखांपेक्षा जास्त भरते. दोन्ही रीती ग्राह्य आहेत. दोन्ही काढून पाहा, आणि क्रमवारी बदलत असेल तर तेच तुमचं निरीक्षण.

पायरी ६: विषयांचा कल

या पायरीवर सगळ्यात जास्त रमावं असं मला वाटतं, कारण रसायनशास्त्राची समज इथेच कामी येते.

पहिला नियम: संख्या नव्हे, वाटा पाहा. समजा, एका जर्नलमध्ये दहा वर्षांपूर्वी ४०० लेख होते, त्यातले २० प्रकाश-उत्प्रेरणावर. आज १००० लेख आहेत, त्यातले ४० त्या विषयावर. "दुप्पट झाले" असं लिहायचा मोह होतो. पण वाटा ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलाय. जर्नल वाढतंय, विषय त्या मानाने मागे पडतोय. कलाबद्दलचं प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी एकूण लेखांनी भागलंय का ते तपासा.

दुसरा नियम: एकाच वस्तूची अनेक नावं गोळा करा. एमओएफ घ्या, ज्यांच्यासाठी किटागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लेखक त्याला मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, पोरस कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात, आणि पुष्कळदा शीर्षकात फक्त पदार्थाचं नाव असतं: यूआयओ-६६, झिफ-८, एचकेयूएसटी-१. केवळ 'एमओएफ' शोधणाऱ्याच्या जाळ्यातून हे सगळे निसटतात. म्हणून आधी समानार्थी शब्दांची वही करा. त्या उपशाखेतला एखादा संशोधक अर्ध्या तासात तुम्हाला वीस शब्द सांगेल, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला सुचणार नाहीत.

तिसरा नियम याच्या उलट आहे: एकाच नावाच्या दोन वस्तू वेगळ्या करा. पेरोव्हस्काइट हा शब्द खनिजाचा, एकोणिसाव्या शतकातला. ऑक्साइड पेरोव्हस्काइटवर उत्प्रेरणाचं आणि चुंबकत्वाचं काम कित्येक दशकं चालू आहे. २००९मध्ये 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'त मियासाका यांच्या गटाने हॅलाइड पेरोव्हस्काइट वापरलेल्या सौरघटाचा लेख छापला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. त्यानंतर त्या शब्दाचा अर्थच अनेकांसाठी बदलला. पेरोव्हस्काइटची एकच रेषा काढलीत तर दोन निराळ्या गोष्टी एकात मिसळतील. 'हॅलाइड' आणि 'ऑक्साइड' अशा दोन रेषा काढा, चित्र लगेच स्पष्ट होतं.

कीवर्ड कुठून घ्यायचे हाही प्रश्न आहे. लेखकांनी दिलेले कीवर्ड सगळी रसायन जर्नलं छापत नाहीत. कोशाने स्वतः लावलेले विषयशब्द एका पद्धतीचे असतात, पण नवा शब्द तिथे उशिरा पोचतो. मी शीर्षक आणि सारांश यांतल्या शब्दांवर जास्त विसंबतो. शब्दांचे नकाशे काढायला लायडन विद्यापीठातलं व्हीओएसव्ह्यूअर किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं बिब्लिओमेट्रिक्स, दोन्ही मोफत मिळतात. मात्र नकाशा काढण्याआधी 'स्टडी', 'नॉव्हेल', 'एफिशियंट', 'प्रॉपर्टीज' असे सगळीकडे येणारे शब्द काढून टाका आणि समानार्थी शब्दांची वही त्यात भरा. नाहीतर रंगीत फुगे दिसतील आणि मधल्या सगळ्यात मोठ्या फुग्यावर 'रिझल्ट' असं लिहिलेलं असेल.

दहा वर्षांचे तीन तुकडे पाडा: चार, तीन, तीन. वर्षावर्षाची रेषा हेलकावे खाते, तुकड्यांत कल ठळक होतो. विशेषांकही वेगळे काढा. पाहुण्या संपादकांनी एखाद्या विषयावर अंक काढला तर त्या वर्षी तो विषय उसळी घेतो आणि पुढच्या वर्षी खाली बसतो.

पायरी ७: सायटेशन सांभाळून वापरा

इम्पॅक्ट फॅक्टरची व्याख्या पाठ करून ठेवा: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले त्याचे संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. ही सरासरी आहे, आणि सरासरी एका लेखानेही हलते. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८मध्ये 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या ए विभागात शेलएक्स या संगणकप्रणालीचा छोटा इतिहास लिहिला. रचना सोडवणाऱ्या रसायनज्ञांनी प्रणाली वापरली की तो लेख सायट करायचा, असा पायंडा पडला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २च्या आसपास होता, तो २००९मध्ये ४९.९वर गेला आणि दोन वर्षांची खिडकी सरकल्यावर पुन्हा २च्या जवळ आला. बाकीचे लेख होते तसेच होते. म्हणून सरासरीशेजारी मध्यक लिहा, आणि सर्वाधिक सायटेशन असलेले दहा लेख स्वतः उघडून ते पद्धतीचे आहेत, आढावे आहेत की नवे शोध, ते पाहा.

दोन वर्षांची खिडकी रसायनशास्त्राला पुष्कळदा तोकडी पडते. ग्राफाइट ऑक्साइड बनवण्याची हमर्स आणि ऑफमन यांची रीत १९५८मध्ये छापली गेली. २००४नंतर ग्राफीनची लाट आली आणि हा जुना लेख जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापराचा झाला. तुमच्या जर्नलच्या जुन्या खंडांतही अशी झोपलेली बी असू शकते. सायटेशनची यादी काढताना फक्त अलीकडच्या लेखांपुरती मर्यादित ठेवू नका.

आणखी एक बाब सेंद्रिय संश्लेषणवाल्यांना ठाऊक असते, ग्रंथालयवाल्यांना सहसा नाही. प्रयोगाची कृती आणि तिचे संदर्भ अनेकदा लेखासोबतच्या पुरवणी फाइलमध्ये असतात. कोश ती पुरवणी सहसा वाचत नाहीत. एखादा अभिकारक बनवण्याची जुनी, भरवशाची कृती शेकडो जण वापरतात, पण तिच्या नावावर सायटेशन्स थोडीच दिसतात. कमी सायटेशन म्हणजे कमी उपयोग, असं लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

पायरी ८: छापण्याचा वेग

बहुतेक रसायन जर्नलं लेखाच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'मिळाला', 'सुधारून मिळाला', 'स्वीकारला' आणि 'प्रकाशित' अशा तारखा देतात. दर वर्षातले शंभरेक लेख यादृच्छिक पद्धतीने निवडा आणि तारखा वहीत उतरवा. सरासरी नको, मध्यक घ्या. पाच लेखांना ४२, ५०, ५५, ६१ आणि २४० दिवस लागले असतील तर सरासरी जवळजवळ ९० येते, मध्यक ५५. वाट पाहणाऱ्या लेखकाच्या अनुभवाला मध्यक जास्त जवळचा आहे.

पण एक मर्यादा आहे. काही जर्नलं लेख आधी नाकारतात आणि सुधारून नव्याने पाठवायला सांगतात. तेव्हा 'मिळाला'ची तारीख नव्याने सुरू होते आणि वेग कागदावर वाढतो. शिवाय नाकारलेले लेख या यादीत नसतातच. त्यामुळे या आकड्याला 'छापलेल्या लेखांचा नोंदलेला काळ' म्हणा, 'परीक्षणाचा वेग' म्हणू नका.

पायरी ९: लेख उघडा

तीनही तुकड्यांतून तीस-तीस लेख निवडा आणि वाचा. सारांश वाचून थांबू नका, आकृत्या आणि प्रायोगिक भागही पाहा. प्रत्येकासाठी एक छोटा तक्ता भरा: नवा पदार्थ बनवलाय का, अभिक्रियेची यंत्रणा उलगडलीय का, प्रयोगाला संगणकीय गणितांची जोड आहे का, स्फटिकरचना केंब्रिजच्या माहितीसंग्रहात जमा केलीय का, कच्चा डेटा कुठे ठेवलाय. हे कुठल्याही कोशातून उतरवून मिळत नाही, आणि जर्नलची खरी नस इथेच सापडते. शीर्षकांवरून विषय तोच राहिलेला दिसतो, पण वाचल्यावर कळतं की आता एकाच लेखाकडून संश्लेषण, गणित आणि उपयोग या तिन्हींची अपेक्षा ठेवली जातेय. पेपर पाठवणाऱ्याला याहून मोलाची माहिती नाही.

शक्य असेल तर मित्राला किंवा मैत्रिणीला त्याच नव्वद लेखांसाठी स्वतंत्रपणे तक्ता भरायला सांगा आणि मग दोन्ही जुळवा. जिथे मतं जुळत नाहीत तिथे तुमची व्याख्या सैल आहे. ती घट्ट करून पुन्हा भरा. कंटाळवाणं काम आहे, पण याने निष्कर्षाला जे बळ येतं ते शंभर आलेखांनी येत नाही.

पायरी १०: लिहिताना

पद्धतीचा परिच्छेद सगळ्यात आधी लिहा. त्यात कोश, आयएसएसएन, काळ, उतरवल्याची तारीख, मिळालेल्या एकूण नोंदी, कोणत्या कारणाने किती गाळल्या आणि उरल्या किती, हे आकड्यांसह यावं. समानार्थी शब्दांची वही परिशिष्टात जोडा. दुसऱ्या कुणी तीच वही घेऊन पुन्हा मोजलं तर तेच उत्तर यायला हवं.

निष्कर्षांत 'वाढलं' आणि 'वाढवलं' यांत गल्लत करू नका. संगणकीय गणितं असलेल्या लेखांचा वाटा वाढला, हे तुम्ही मोजलंय. संपादकांनी तो वाढवला, हे मोजलेलं नाही. त्यासाठी संपादकीय धोरणातला बदल कुंडलीच्या पानावर दिसायला हवा आणि तुलनेच्या जर्नलमध्ये तशी वाढ नसायला हवी. दोन्ही असेल तर तसं लिहा. नसेल तर फक्त वाटा, वर्षं आणि दोन्ही जर्नलांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

आणि मूळ फाइल, पाखडलेली फाइल आणि मधल्या सगळ्या पायऱ्यांची टिपणं एकाच फोल्डरमध्ये, तारखेनुसार नावं देऊन ठेवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हमखास येतो, "हे अमुक लेख का वगळले?" तेव्हा हे फोल्डर उघडून ती ओळ दाखवता आली पाहिजे.